न पिकणारे धान्य: जयपूरच्या अन्नव्यवहारातील तांदळाचा इतिहास

एखाद्या प्रदेशाच्या आहारात तांदळाला कोणते स्थान आहे, हे सामान्यतः तेथील भातशेतीवरून ठरवले जाते. कोकण, बंगाल, आंध्र किंवा आसाम यांच्या बाबतीत ही पद्धत पुरेशी ठरते, कारण तेथे शेत, कोठार आणि ताट यांच्यातील अंतर थोडे असते आणि पिकाचा हंगाम हाच खाण्याचाही हंगाम असतो. जयपूरच्या बाबतीत मात्र ती मुळातच अपुरी पडते. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगराच्या भोवतालच्या जमिनीत भात हे कधीच मुख्य पीक नव्हते. असे असूनही तेथील लग्नाचे आमंत्रण, देवीचा नैवेद्य, श्राद्धाचे पान आणि पाहुण्याचे ताट यांपैकी एकही गोष्ट तांदळाशिवाय पुरी होत नाही. जे धान्य शिवारात उभे राहत नाही त्याला विधींमध्ये इतके वरचे स्थान कसे मिळाले, या प्रश्नाचे उत्तर जयपूरच्या पर्जन्यमानात, व्यापारी मार्गांत आणि दरबारी संबंधांत मिळून शोधावे लागते.

प्रथम ऋतूंचा विचार करणे आवश्यक आहे. जयपूर परिसरात वर्षाला सरासरी ६०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी सुरू होतो आणि सप्टेंबर सरता सरता परततो. या अवधीतही पावसाचे प्रत्यक्ष दिवस मोजकेच असतात आणि दोन सरींमध्ये कित्येकदा दीर्घ खंड पडतो. भाताच्या लावणीच्या पिकाला हंगामभरात साधारण १००० ते १५०० मिलीमीटर पाणी लागते, शिवाय ते खाचरात काही आठवडे धरून ठेवता येईल अशी चिकण जमीन लागते. ढूंढाड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जयपूरभोवतालच्या प्रदेशाची जमीन बहुतांशी रेताड आहे, तिच्यात पाणी थांबत नाही, ते झिरपून जाते. कोकणात २५०० ते ३५०० मिलीमीटर पावसाच्या भरवशावर शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो, म्हणजे पालापाचोळा व शेण जाळून रोपांची जमीन तयार करतो, पुढे चिखलणी करून लावणी उरकतो आणि जमिनीच्या उंचसखलपणानुसार हळवे, निमगरवे वा गरवे बियाणे निवडतो. हळवे भात साधारण तीन-साडेतीन महिन्यांत तयार होते, तर गरव्याला साडेचार महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. जयपूरच्या पावसाचा एकूण अवधी हळव्या भातालाही अपुरा पडतो. त्याच काळात बाजरी अडीच-तीन महिन्यांत कणसाला येते, मूग सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत तयार होतो आणि मोठ, म्हणजे मराठीतील मटकी, पावसाच्या खंडातही तग धरून राहते.

राजस्थानी शेतीव्यवहारात वर्षाचे दोन भाग मानले जातात. पावसावर पेरून हिवाळ्याच्या तोंडाशी काढले जाणारे पीक ते सियाळू आणि हिवाळ्यात पेरून उन्हाळ्याच्या आरंभी घरात येणारे ते उन्हाळू; महाराष्ट्रातील खरीप आणि रब्बी यांच्याशी हे भाग जुळतात, मात्र त्यांची नावे पेरणीच्या नव्हे तर काढणीच्या ऋतूवरून पडलेली आहेत. या दोन्ही हंगामांत भाताला जागा नव्हती. सियाळूत पाणी कमी पडते, आणि उन्हाळूचा काळ भातासाठी फार थंड असतो, कारण जानेवारीत जयपूरचे रात्रीचे तापमान ८ अंशांपर्यंत सहज उतरते, तर फुलोऱ्याच्या वेळी पारा १५ अंशांच्या खाली गेला तरी भाताचे दाणे पोचट राहू लागतात. तिसरा मार्ग उन्हाळी भाताचा. बंगालमध्ये आऊस, आमन आणि बोरो अशी वर्षाकाठी तीन पिके घेतली जातात आणि त्यांपैकी बोरो हे हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात कापले जाते. कोकणातही वाहत्या पाण्याच्या आधाराने वायंगण भात घेतात. जयपूरला असे पाणी नव्हते, आणि एप्रिल-मेमधील चाळीस अंशांवरच्या उष्णतेत फुलोऱ्यातील पराग निर्जीव होतात. तात्पर्य, बंगाली शेतकऱ्याला ज्या वर्षात भाताचे तीन हंगाम सापडतात, त्याच वर्षात ढूंढाडच्या शेतकऱ्याला एकही सापडत नाही.

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात अजमेर सुभ्याचे, ज्यात जयपूरचे पूर्वरूप असलेले तत्कालीन आमेर राज्य मोडत होते, जे वर्णन येते ते या निसर्गस्थितीला दुजोरा देणारे आहे. जमीन रेताड असून पाणी फार खोल लागते, शेती पावसावर अवलंबून आहे, उन्हाळूचे पीक नगण्य आहे आणि ज्वारी, बाजरी व मोठ हीच विपुल पिकणारी धान्ये आहेत, असे तो नोंदवतो. सारा म्हणून उत्पन्नाचा केवळ सातवा किंवा आठवा हिस्सा घेतला जात असे, हा त्याचा तपशील तर या भूमीच्या क्षमतेविषयी पुष्कळ काही सांगून जातो, कारण अन्य सुपीक सुभ्यांत हेच प्रमाण एकतृतीयांशापर्यंत पोहोचत होते. या वर्णनात भाताचा उल्लेख नाही.

अशा शिवारातून जो आहार घडला त्याचा कणा भरड धान्यांचा होता. गव्हाची पोळी हीसुद्धा सामान्य कुटुंबात नित्याची गोष्ट नव्हती. विहिरीच्या पाण्यावर होणारे जव आणि हरभरा मिसळून दळलेल्या पिठाला बेझड म्हणतात आणि त्याची रोटी हे ढूंढाडच्या हिवाळी जेवणाचे प्रमुख अंग होते. गहू आणि हरभरा यांच्या मिश्रणाला गोचनी म्हणत आणि ते जरा सुस्थितीतील घरांत असे. बाजरीचे किंवा जवाचे पीठ ताकात कालवून, आंबवून, मंद आचेवर शिजवलेली राबडी ही उन्हाळ्यातील न्याहारी होती. मात्र तांदळाच्या इतिहासाच्या दृष्टीने या सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे बाजरीचा खिचडा. बाजरी पाण्याचा हबका मारून उखळात कांडायची, सुटलेला कोंडा पाखडून टाकायचा, मग तो कण मूग किंवा मोठाच्या डाळीसह मातीच्या भांड्यात कित्येक तास शिजवायचा आणि वरून तूप वा तेल घालून वाढायचा, ही कृती भाताच्या कृतीशी अगदी जवळची आहे: कांडण, पाखडण, आधण आणि मऊ शिजलेला दाणा. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखा तीजेला, गव्हाचा किंवा बाजरीचा खिचडा करण्याची प्रथा राजस्थानात सर्वत्र आहे. यावरून असे म्हणता येते की ताटातील भाताची जागा येथे रिकामी नव्हती, ती दुसऱ्या धान्याने भरलेली होती, आणि म्हणूनच बाहेरून येणाऱ्या तांदळाला रोजच्या पोटभरीचे काम करावे लागले नाही. खानदेश आणि नगर भागातील बाजरीचा खिचडा ज्यांच्या परिचयाचा आहे त्या मराठी वाचकांना हे नाते सहज ओळखता येईल. महाराष्ट्राच्या देशावरही पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत हीच स्थिती होती. रोज ज्वारीची भाकरी आणि सणाला, पाहुण्याला किंवा पंगतीच्या आरंभी वरणभात.

राजस्थानच्या भूमीला भात सर्वस्वी परका होता, असे मात्र समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये उदयपूरजवळील आहाड येथे उत्खनन झाले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन वस्तीत भाताचा पुरावा मिळाला. हा पुरावा मेवाडचा आहे, जेथे पाऊस जयपूरपेक्षा चांगला आहे आणि अरवलीच्या कुशीतील सखल जमिनीत पाणी साठते. बांसवाडा आणि डुंगरपूर या दक्षिणेकडील जिल्ह्यांत भिल्ल आणि अन्य आदिवासी समाज पावसावरील भात दीर्घकाळ पेरत आलेले आहेत. म्हणजे राजस्थानच्या आत भाताची एक जुनी सीमारेषा आहे आणि जयपूर तिच्या उत्तरेस, कोरड्या बाजूस पडते.

ही सीमा ओलांडून तांदूळ आमेर-जयपूरपर्यंत येण्यास दोन वाटा होत्या, एक दरबाराची आणि दुसरी बैलांच्या तांड्यांची. आमेरचा राजा भारमल याने १५६२ मध्ये आपल्या कन्येचा विवाह अकबराशी करून दिल्यानंतर त्याचे कछवाहा घराणे मुघल सत्तेच्या केंद्राशी जोडले गेले, आणि मुघल मुदपाकखान्यात तांदळाचे स्थान मध्यवर्ती होते. ‘आईन’मध्ये बादशाही स्वयंपाकघरासाठी मागवल्या जाणाऱ्या तांदळांची नावे दिली आहेत, बहराइचचा सुखदास, ग्वाल्हेरचा देवजीरा आणि राजौरीकडील जिंजिन ही त्यांतील काही. राजा मानसिंह सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंगालचा सुभेदार झाला आणि तेथून परतताना त्याने जेसोरची शिलादेवी आमेरला आणली, अशी परंपरा आहे; देवीबरोबर तिचे बंगाली पुजारीही आले. मानसिंहानेच वृंदावनात १५९० मध्ये गोविंददेवाचे भव्य मंदिर उभारले होते, आणि पुढे औरंगजेबाच्या काळात तेथून हलवलेली ती मूर्ती अठराव्या शतकात जयपूरच्या राजवाड्याच्या बागेत स्थापन झाली, तेव्हा गौडीय वैष्णव संप्रदायाचे गोस्वामी तिच्या सेवेसाठी या नगरात स्थिरावले. नगररचनेत ज्याचा मोठा वाटा होता तो विद्याधरही बंगाली घराण्यातील. भात हेच ज्यांचे मूळ अन्न, अशा लोकांची एक छोटी पण प्रतिष्ठित वस्ती अशा रीतीने जयपूरच्या धार्मिक आणि दरबारी जीवनाच्या अगदी मध्यभागी होती. सामान्य नगरवासीयांच्या नजरेत तांदूळ हे देवाचे आणि दरबाराचे धान्य ठरले असल्यास त्यामागे ही वस्तुस्थिती मोठ्या प्रमाणात असावी.

व्यापाराची वाट अधिक जुनी आणि अधिक रुंद होती. जयपूरच्या पश्चिमेस सांभरचे खारे सरोवर आहे, ज्यावर जयपूर आणि जोधपूर या दोन्ही संस्थानांचा संयुक्त अधिकार होता आणि जे १८७० मध्ये इंग्रज सरकारकडे भाडेपट्ट्याने गेले. या सरोवराचे मीठ बंजारे, म्हणजे महाराष्ट्रात लमाण म्हणून परिचित असलेले व्यापारी समाज, बैलांच्या पाठीवर लादून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे नेत आणि परतीच्या फेरीत धान्य भरून आणत. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्याला गहू आणि तांदूळ वाहणारा चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटल्याची नोंद त्याने केली आहे. अशा प्रचंड तांड्यांखेरीज कोरड्या प्रदेशातील नगरांना दूरचे धान्य मिळणे शक्य नव्हते. तरीही बैलाच्या पाठीवरून शेकडो मैल आलेला तांदूळ स्वस्त असू शकत नाही. वाटेतील जकाती, चारा आणि राखण यांचा खर्च त्याच्या किमतीत भरत जातो. किंमत जास्त, म्हणून प्रमाण कमी, आणि प्रमाण कमी म्हणून त्याचा उपयोग निवडक प्रसंगांपुरता, असा हा क्रम आहे. जयपूरच्या तांदळाच्या मानाचे मूळ या वाहतूकखर्चात शोधणे हे केवळ श्रद्धेत शोधण्यापेक्षा अधिक उचित आहे.

आता या निवडक प्रसंगांकडे वळता येते, आणि येथे मराठी वाचकांना जिव्हाळ्याचा वाटावा असा एक दुवा आहे. सवाई जयसिंहाचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण मानले जातात. व्रते आणि तिथींचा निर्णय सांगणारा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ १७१३ मधील, म्हणजे जयपूरच्या स्थापनेच्याही आधीचा आहे, आणि ब्रह्मपुरीतील पुंडरीकांची चित्रांकित हवेली आजही त्यांचे स्मरण राखून आहे. विद्वान ब्राह्मणांसाठी वसवलेल्या या ब्रह्मपुरीतून सणावारांची जी शास्त्रीय चौकट नगराला मिळाली, तिच्यातच तांदळाला त्याचा खरा वार्षिक क्रम लाभला. शेतात हंगाम नसलेल्या या धान्याचे वर्ष पंचांगावर चालते. वसंत पंचमीला केशर घालून पिवळा गोड भात होतो. पितृपक्षात खीर-पुरी हे श्राद्धाच्या पानातील आवश्यक अन्न असते. शरद पौर्णिमेला तांदळाची खीर चांदण्यात ठेवून मग खाल्ली जाते, आणि दम्याच्या रुग्णांना त्या रात्री औषध मिसळलेली खीर देण्याची प्रथा आहे. दिवाळीनंतरच्या अन्नकूटात मात्र तांदूळ एकटा येत नाही, मूग, बाजरी, कढी आणि अनेक भाज्यांची एकत्र मिसळ यांच्या सोबतीने येतो. बाहेरचे आणि घरचे धान्य एकाच पत्रावळीत शेजारी वाढले जाण्याचा हा प्रसंग जयपूरच्या अन्नेतिहासाचे सर्वांत प्रामाणिक चित्र म्हणावे लागेल.

या सर्वांत बास्योडा या सणाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. होळीनंतरच्या आठव्या दिवशी, उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेनुसार चैत्र कृष्ण अष्टमीला आणि महाराष्ट्रातील अमान्त गणनेनुसार फाल्गुन वद्य अष्टमीला, शीतलादेवीची पूजा होते आणि जयपूरच्या दक्षिणेस चाकसू येथील शील की डूंगरी या टेकडीवर मोठी जत्रा भरते. देवी आणि गोवर यांसारख्या फोडांच्या रोगांची ही अधिष्ठात्री देवता थंडाव्याने प्रसन्न होते, अशी श्रद्धा असल्याने त्या दिवशी चूल पेटत नाही आणि आदल्या दिवशी रांधलेले शिळे अन्नच नैवेद्याला व जेवणाला असते. राबडी, पुरी, पुए यांच्याबरोबर ओलिया हा पदार्थ या नैवेद्यात असतो. ओलिया म्हणजे शिजवलेला भात दह्यात कालवून साखरेने गोड केलेला. बाजरीची राबडी आणि दहीभाताचा ओलिया हे दोन्ही पदार्थ उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर थंडावा देणारे, परंतु राबडी ही रोजची आणि ओलिया हा सणाचा, हा भेद त्या एकाच ताटात स्पष्ट दिसतो. ज्या समाजाकडे भाताची शेती नाही त्याने दहीभाताला देवीच्या नैवेद्यात स्थान द्यावे, ही गोष्ट भारतीय अन्नपरंपरेतील देवाणघेवाण किती खोलवर गेलेली आहे याचा उत्तम पुरावा आहे.

लग्नकार्यात तांदळाचे काम खाण्याआधीच सुरू होते. हळदीने पिवळे केलेले तांदूळ घरी जाऊन देणे हे आमंत्रणाचे सर्वांत मान्य रूप असून पहिले आमंत्रण गणपतीला, जयपुरात बहुधा मोती डूंगरीच्या गणेशाला, दिले जाते. छापील पत्रिका रूढ झाल्या तरी पिवळ्या तांदळांचा मान कमी झालेला नाही, आणि राजकीय सभांना लोकांना बोलावण्यासाठीही ते वाटले जातात. वरातीतील पाहुण्यांना किंवा जावयाला तूप आणि बूरा, म्हणजे बारीक पिठीसाखर, घातलेला भात वाढणे हे पूर्व राजस्थानात विशेष आदराचे लक्षण समजले जाई. मुस्लिम वस्त्यांतील लग्नांत पुलाव आणि गोड जर्दा यांना हेच स्थान आहे, आणि अजमेरच्या दर्ग्यातील अकबराने व जहांगीराने दिलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या दोन प्रचंड देगांत आजही तांदूळ, तूप, साखर आणि सुकामेवा यांचा गोड भातच शिजतो. धर्म निराळे असले तरी कोरड्या प्रदेशातील तांदळाचा मान सर्वत्र सारखाच दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का रेल्वेने दिला. १८७०च्या दशकाच्या मध्यात जयपूर आग्रा-दिल्ली आणि अजमेर या दिशांना लोहमार्गाने जोडले गेले आणि बंजाऱ्यांचे तांडे हळूहळू मोडले. त्यानंतर पाव शतकाच्या आत, विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, छप्पनिया काळ या नावाने राजस्थानच्या स्मृतीत कोरला गेलेला भीषण दुष्काळ पडला. पाऊस बुडाला, चारा नाहीसा झाला, गुरे आणि माणसे अगणित मेली. या काळात ब्रह्मदेशातील तांदूळ समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊन रेल्वेने अन्नाच्या तुटीच्या प्रदेशांना पुरवला जात होता. जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांनी १९०० मध्ये दुष्काळनिवारणाच्या कायम निधीसाठी १५ लाख रुपये दिले आणि त्यातून इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्टची स्थापना झाली. दुष्काळाच्याच सुमारास, १८९७ ते १९०३ या काळात, बाणगंगा नदीवर रामगढचे धरण बांधले गेले. ज्या धरणाने पुढे १९३१ पासून जयपूर शहराला पाणी पुरवले, त्याचाही या भूमीत भात पिकवण्याइतका उपयोग कधी झाला नाही.

नित्याच्या जेवणात भात शिरला तो १९४७ नंतर. फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाबमधून उखडलेली हजारो कुटुंबे जयपुरात आली आणि आदर्शनगरसारख्या नव्या वसाहतींत स्थिरावली. सिंधी कढीबरोबर भात आणि राजमा-चावल हे त्यांचे साधे घरगुती अन्न होते, सणाचे नव्हे. त्यांच्या शेजाराने, पुढे शासकीय नोकऱ्यांनिमित्त आलेल्या देशभरच्या कुटुंबांमुळे आणि उपाहारगृहांमुळे दुपारच्या जेवणात भाताची वाटी नव्या पिढीला परकी राहिली नाही. तरीही हा बदल मर्यादित आहे. तांदळाचा घरगुती वापर अत्यल्प असलेल्या राज्यांत राजस्थानची गणना आजही होते, आणि तेथील शिधावाटपात प्रामुख्याने गहू दिला जातो.

याच काळात शेतीचा नकाशाही बदलला. चंबळ नदीवरील गांधीसागर धरण आणि कोटा बंधारा १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि कोटा-बुंदीच्या, म्हणजे हाडौतीच्या, काळ्या जमिनीत कालव्यांचे पाणी खेळू लागले. माही बजाजसागरने बांसवाड्याला आणि कालव्यांबरोबरच घग्गरच्या पात्राने हनुमानगढला भाताची शेती दिली. बांसवाड्याच्या कृषी संशोधन केंद्राने माही सुगंधा ही सुवासिक जात विकसित केली. बुंदी हे आता बासमतीचे आणि भातगिरण्यांचे केंद्र बनले असून जयपूरच्या सूरजपोल आणि कूकरखेडा येथील मंड्यांतून विकल्या जाणाऱ्या तांदळात राज्यातच पिकलेला तांदूळही असू शकतो, ही पूर्वी अशक्य वाटणारी गोष्ट आहे.

परंतु जयपूरच्या विहिरी या काळात आटत गेल्या. जिल्ह्यातील भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून कितीतरी अधिक आहे, रामगढचा तलाव कोरडा पडला आहे आणि २००९ पासून शहराची तहान टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणावर भागते. पार्वती, कालीसिंध आणि चंबळ यांच्या खोऱ्यांतील पाणी पूर्व राजस्थानात आणण्याच्या नदीजोड प्रकल्पावर २०२४ मध्ये केंद्र, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला, आणि लाभक्षेत्रात जयपूरचाही समावेश आहे. ज्या खोऱ्यातील पाण्यावर हाडौतीचा भात उभा आहे त्याच खोऱ्यातील पाण्यावर आता राजधानीच्या नळांचा हक्क सांगितला जाणार आहे. एक किलो तांदूळ पिकवण्यास काही हजार लिटर पाणी लागते, हा हिशेब आजवर ढूंढाडच्या शेतकऱ्याने निसर्गाच्या सक्तीने पाळला आणि बाजरी पेरली. पुढील काळात तो राज्याच्या जलनियोजनाला जाणीवपूर्वक मांडावा लागेल, आणि त्या मांडणीत शहराची तहान व हाडौतीच्या भातउत्पादकाची उपजीविका या दोन्हींचे वजन धरावे लागेल.